शेजारच्या खुर्चीवरची तेक्ले

घड्याळं आणि गुण सांभाळणाऱ्यांच्या प्रमुखानं, बेर्नार्दासनं, यादी क्रीडागृहाच्या कार्यालयाच्या दारावर चिकटवली आणि नेहमीप्रमाणे स्वतः पळ काढला. माणूस शहाणा. युरोपच्या बास्केटबॉल क्लबांचा हंगाम सुरू व्हायचा झाला की मैदानाकाठच्या टेबलावर कोण कुठे बसणार यावरून लिथुआनियातल्या कौनासमध्ये जेवढी भांडणं होतात, तेवढी बापाच्या जमिनीवरूनही होत नाहीत, हे तीस वर्षांत त्याला पाठ झालं होतं.

तेक्लेनं चष्मा लावून यादी वाचली. चोवीस सेकंदांचं घड्याळ : युदिता. सामन्याचं घड्याळ : तेक्ले. तिनं चष्मा पुसला, पुन्हा वाचली. यादीत काही बदल झाला नव्हता.

सामन्याचं घड्याळ म्हणजे शिट्टी झाली की थांबवा, खेळ सुरू झाला की सोडा. दुधावर लक्ष ठेवण्याइतपत काम. चोवीस सेकंदांचं घड्याळ मात्र राज्य आहे. ज्या संघाकडे चेंडू, त्यानं चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे टाकायचा. टाकलेला चेंडू कडीला नुसता शिवला तरी घड्याळ पुन्हा चोवीसवर न्यायचं. पण मागच्या फळीवर आपटून तसाच परत आला, कडीला शिवलाच नाही, तर बटणाला बोटही लावायचं नाही. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं, तेही पाच हजार माणसं लाकडी बाकं पायांनी बडवत असताना. तेक्ले त्या खुर्चीवर अठरा वर्षं बसली होती. ते घड्याळ तीस सेकंदांचं होतं तेव्हापासून.

आणि आता तिथे युदिता. तिची धाकटी जाऊ.

परकी कुणी असती तर तेक्लेनं चार दिवस धुसफूस करून सोडून दिलं असतं. पण जाऊ! आणि तिला या टेबलावर आणली कुणी, तर तेक्लेनंच. बारा वर्षांपूर्वी युदिता रविवारी दुपारी सासूबाईंच्या सोफ्यावर बसून नखं रंगवायची, ते बघवेना म्हणून तेक्ले म्हणाली होती, "चल माझ्याबरोबर, पोरांच्या सामन्यांना गुण लिहायला तरी शीक." शिकवलंही तिनंच. कडी कशी ओळखायची, बोट बटणावर टेकवायचं की वर धरायचं, सगळं. युदिता पियानो शिकवणारी बाई; बोटं लांबसडक, कानही तयार. बघता बघता शिकली. तेक्लेची बोटं औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पुड्या बांधून जाड झालेली. उंची पाच फूट एक. एके काळी कॉलेजच्या संघातून खेळताना ती याच उंचीनं भल्याभल्यांच्या हातातला चेंडू पळवायची, पण ते आता कुणाला आठवतंय?

"तुझी नजर कमी झालीय असं कुणी म्हणालेलं नाही," बेर्नार्दास दोन दिवसांनी सापडला तेव्हा म्हणाला. "पण तिची जास्त आहे."

"अठरा वर्षांत माझ्या किती चुका झाल्या, सांग."

"एकही नाही, बाई. पण तू साठीकडे चाललीस. उद्या चूक झाली तर गाव मला खाईल, तुला नाही."

आणि मग हंगाम सुरू झाला. पहिल्या फेरीत घरचे सात सामने. त्यातून वर गेलो तर पुढची फेरी, आणि पुढच्या फेरीची यादी नवी. तेक्लेनं सगळी आशा त्या नव्या यादीवर लावली. तोवर युदिताची एक चूक व्हायला हवी होती. फार मोठी नको, सामन्यावर येणाऱ्या निरीक्षकाच्या अहवालात एक ओळ येण्याइतकी.

टेबलाची एक रीत आहे. गोंगाटात एका माणसाच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही म्हणून सामन्याच्या घड्याळावरच्या माणसानं शेजारणीच्या कानाशी मोठ्यानं बोलायचं. चेंडू कडीला शिवला तर "कडी!" नाही शिवला तर "नाही!" तेक्ले पहिल्या सामन्यात खणखणीत बोलली. दुसऱ्यात जरा कमी. तिसऱ्यात, ग्रीकांच्या वेळी, "कडी" नीट यायचा, पण "नाही" घशातच राहायला लागला. मुद्दाम नव्हे हं, असं ती स्वतःला सांगायची. म्हणजे पूर्ण मुद्दाम नव्हे.

सामना संपल्यावर मुख्य पंच टेबलाशी आला, तेक्लेला ओलांडून पलीकडे हात लांब केला आणि युदिताचा हात हलवून गेला. तेक्लेच्या नाकासमोरून तो केसाळ हात गेला आणि आला. ट्रॉलीबसमध्ये ती नवऱ्याला म्हणाली, "त्यानं वास मारणारं अत्तर लावलं होतं." फेलिक्सास म्हणाला, "आपण जिंकलो की हरलो?" त्याला खरंच माहीत नव्हतं, तो या गावातला बास्केटबॉल न बघणारा एकुलता एक पुरुष, आणि तो तेक्लेच्या वाट्याला आला होता.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बारा पदार्थांचं बिनमांसाचं जेवण सासूबाईंकडेच. मासे चालतात, म्हणून हेरिंग तेक्लेनं केलं होतं, खसखशीचं दूध युदितानं. सासूबाईंनी दुधाची दुसरी वाटी घेतली. हेरिंगबद्दल त्या म्हणाल्या, "दातांत अडकतं बाई."

"आमची युदिता टीव्हीवर दिसली," सासूबाई म्हणाल्या. "निळा ब्लाउज काय शोभत होता!"

"मीही शेजारीच होते, आई."

"होतीस का? खांदा दिसला कुणाचा तरी."

मग टेबलक्लॉथखालच्या गवताच्या काड्या ओढायची वेळ आली. ज्याची काडी लांब त्याला आयुष्य लांब. तेक्लेची काडी बोटभर. युदितानं ओढली ती येतच राहिली, येतच राहिली, शेवटी बशीत जाऊन पडली.

"बघ गं," युदिता हसून म्हणाली, "आणखी चाळीस वर्षं माझा जाच आहे तुला."

"गवतच ते," तेक्ले म्हणाली. "गाईला घाल."

राइमुंदास, युदिताचा नवरा, मोठ्यानं हसला. तेक्लेला तेही खुपलं. हिचा नवरा हसतो तरी.

फेब्रुवारीत शेवटचा घरचा सामना. समोर स्पॅनिश संघ, आणि हिशेब सरळ होता : जिंकलं तर पुढची फेरी, हरलं तर हंगाम संपला. निरीक्षक स्लोव्हेनियाचा, बारीक मिशांचा, टेबलाच्या मधोमध बसून वहीत लिहिणारा. बेर्नार्दासनं आधीच सांगितलं होतं, "हा जे लिहील त्यावरच मी पुढची यादी करणार. दोघींनी नीट वागा."

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आपण एका गुणानं पुढे होतो. बावन्न सेकंद उरले असताना स्पॅनिश संघाच्या हाती चेंडू आला आणि युदिताचं घड्याळ चोवीसपासून उतरू लागलं. तेरा, बारा. त्यांच्या लांब हातांच्या पोरानं चेंडू टाकला. फळीवर धप्प आपटला आणि खाली आला. कडीला शिवला नव्हता. तेक्लेनं ते आरशात बघावं इतकं स्वच्छ बघितलं. खाली सहा जण चेंडूवर तुटून पडले.

"नाही!" म्हणायचं होतं. तेक्ले म्हणाली नाही. तोंड मिटून ती युदिताच्या बोटाकडे बघत राहिली. लांबसडक बोट बटणाच्या वर, केसभर वर. दाब. दाब ना. साऱ्या हंगामाची भूक त्या एका नजरेत होती.

बोट खाली आलं नाही.

"तेक्ले, घड्याळ!" युदिता किंचाळली.

शिट्टी होऊन गेली होती. चेंडू आपल्या खेळाडूच्या हाताला लागून बाहेर गेला होता, पंच हात वर करून उभे होते, युदिताचं घड्याळ नऊवर थांबलेलं, आणि सामन्याचं घड्याळ पळतच होतं. तेक्लेनं बटण दाबलं तेव्हा चौतीस सेकंद उरले होते.

पंच टेबलाशी आले. निरीक्षकानं विचारलं, "शिट्टीच्या वेळी किती होते?"

तेक्लेला सांगता येईना. तिनं तिकडे बघितलंच नव्हतं. युदिता शांतपणे म्हणाली, "चेंडू मिळाला तेव्हा बावन्न आणि चोवीस. दोन्ही घड्याळांत अठ्ठावीसचा फरक. माझं नऊवर थांबलंय, म्हणजे सदतीस."

फरक पाठ ठेवायची ही युक्तीही तेक्लेनंच शिकवलेली. पंचांनी सदतीस लावायला सांगितलं. गावाला तीन सेकंद परत द्यायचे नव्हते. पाच हजार माणसांनी शिट्ट्या मारल्या, टेबलाच्या दिशेनं एक मफलर आणि अर्धा पाव आला. मग स्पॅनिशांना उरलेल्या नऊ सेकंदांत चेंडू टाकताच आला नाही. युदिताचा भोंगा वाजला, चेंडू आपल्याकडे आला आणि आपण तीन गुणांनी जिंकलो. युदिताचं बटण तेव्हा चुकून दाबलं गेलं असतं तर त्यांना पुरे चोवीस मिळाले असते. हे टेबलावरच्या सगळ्यांना कळत होतं. तेक्लेला सगळ्यांत जास्त.

कोट घेताना युदिता तिच्या शेजारी उभी राहिली.

"तू बोलली नाहीस."

"गोंगाट होता केवढा."

"मी सूर ऐकून पोट भरते, तेक्ले. मला गोंगाट शिकवू नकोस." युदितानं मफलर गळ्याभोवती गुंडाळला. "डिसेंबरपासून तुझा 'कडी' येतो आणि 'नाही' येत नाही. मग मी ठरवलं, तू बोललीस तर कडी, तू गप्प तर नाही. आजवर एकदाही चुकलं नाही. तुझ्याइतकी अचूक गप्प बसणारी बाई मी बघितली नाही."

तेक्लेच्या कानशिलांना आग लागली. इतके दिवस जीव जाळून ती जिला पाडायला निघाली होती, ती तिच्याच जळण्यावर पोळी भाजून घेत होती!

"मग निरीक्षकाला सांगायचंस," ती म्हणाली.

"काय सांगू? माझी जाऊ माझ्यावर जळते? ते स्लोव्हेनियन भाषेत कसं म्हणतात?" आणि ती टोपी घालून निघून गेली.

अहवालात ओळ आली, ती तेक्लेवर. आठवड्यानं बेर्नार्दास औषधाच्या दुकानात आला, खोकल्याच्या गोळ्या मागितल्या आणि काउंटरवर बोटं वाजवत राहिला.

"पुढच्या फेरीला तुला काढायचं ठरवलं होतं मी."

"काढ की."

"युदिता आली होती. म्हणते, शेजारी तेक्ले नसेल तर मीही बसत नाही. दुसऱ्या कुणाचं ऐकून तिला चेंडू कळत नाही म्हणे. काय जादू करता तुम्ही दोघी?"

तेक्लेनं गोळ्या कागदी पिशवीत घातल्या. पिशवीचं तोंड दुमडलं, पुन्हा दुमडलं. म्हणजे आता खुर्चीही हिच्या मेहेरबानीची. टेबलावर बसायचं ते हिनं शब्द टाकला म्हणून. सासूबाईंना हे कळणार, राइमुंदास हसणार. नको म्हणावं. नको म्हणून घरी बसावं, आणि युदिताच्या शेजारी कुणा उपटसुंभ पोरीनं बसून कानाशी ओरडावं? ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्याचाच इतका राग आला की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"कधी आहे पहिला सामना?" तिनं विचारलं.

"पुढच्या बुधवारी. म्हणजे येतेस?"

"येते. पण तिला आज सांगू नकोस."

"का?"

"सोमवारपर्यंत थांब. विचार करतेय म्हणून सांग. एवढं तरी कर माझ्यासाठी."