चार पावलांवरून माघारी

आमच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा संघ निघाला तेव्हा तो खेळ आमच्यापैकी कुणी पाहिलासुद्धा नव्हता. खेळाच्या सरांनी मोबाइलवर दाखवला. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं, समोरचे अंगावर येऊन पाडतात, तरी त्यांच्या मागची रेघ गाठायची. आम्ही सगळे कबड्डीचे गडी. म्हटलं, यात काय अवघड आहे?

पहिल्या मॅचपासून आम्ही जे हरत सुटलो ते हरतच राहिलो. आमच्याशी मॅच पडली की समोरची पोरं खूश व्हायची. मला त्यांच्यापेक्षा आमचाच जास्त राग यायचा. सर तासिका तत्त्वावर होते, दरवर्षी नव्यानं नेमणूक. एक तरी मॅच जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी संघही नाही आणि तुम्हीही नाही, असं प्राचार्यांनी त्यांना बजावलं होतं. सर आम्हाला यातला चकार शब्दही बोलले नाहीत. आम्हाला हे कळलं शिपायाकडून.

शेवटची मॅच नळदुर्गला होती. कसं कोण जाणे, आम्ही बरोबरीच्या जवळ आलो. एकदा रेघ ओलांडली की जिंकलो, आणि वेळ संपत आलेली. चेंडू माझ्या हातात आला. रेघ चार पावलांवर होती. तेवढ्यात दोघांनी माझी कंबर धरली.

कबड्डीत गड्याला धरलं की तो मधल्या रेघेकडे वळतो. घरी पोचला तर वाचला. आठवीपासून मी हेच करत आलो होतो. मी झटका देऊन सुटलो, गर्रकन वळलो आणि जीव खाऊन माघारी पळालो. मैदानाच्या मधल्या रेघेवर हात लांब करून पडलो. वर हसत पंचाकडे बघितलं. आमची पोरं डोक्याला हात लावून उभी होती, आणि शिट्टी वाजली.

परतीच्या एसटीत सर माझ्याशेजारी येऊन बसले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तुळजापूर गेल्यावर ते म्हणाले, "पुढच्या खेपेला धरलं तर पुढंच पड. चार पावलंच तर व्हती."

पुढची खेप नाही, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे, हेही माहीत होतं. तरी मी "व्हय सर" म्हणालो. त्यांनी मला एक मुस्काटात ठेवून द्यायला हवी होती.