लावलेले केस

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अशा घरातल्या मुलाला चार ओळी लिहिता यायला लागल्या, तर त्यानं घरच्यांच्या कष्टांबद्दल लिहावं, गावाबद्दल लिहावं, अशी लोकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. मी लिहिणार आहे केसांबद्दल, तेही स्वतःच्या. मला याची लाज वाटते. पण तरुणपणाची सगळी वर्षं मी दुसऱ्या कशाचाही इतका विचार केला नाही, आणि तसं नव्हतं असं दाखवून काही वेगळं लिहिणं मला जमणार नाही.

आमचं गाव शाहूवाडीकडच्या डोंगरात आहे. शेती भाताची. नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरला कॉलेजात आलो तेव्हा माझ्या केसांत कंगवा अडकायचा. दुसऱ्या वर्षाला ते उशीवर दिसायला लागले, मग वहीच्या पानांत, मग आमटीच्या वाटीत. जेवणात केस आला म्हणून मी एकदा मेसच्या मावशींवर आवाज चढवला. त्यांनी केस बोटांत धरून उजेडात नेला, माझ्या डोक्याशी ताडून पाहिला आणि दुसरी वाटी आणून दिली. त्यानंतर मी त्या मेसमध्ये मान वर करून जेवलो नाही.

गावाकडे प्रत्येकाचं आपापलं निदान होतं. आई म्हणे, कोल्हापूरचं पाणी लागलं. चुलते म्हणत, लई शिकला की केस जात्यात. ते हे कौतुकानं म्हणत की टोमणा म्हणून, ते मला कधी कळलं नाही. पण गावातली पोरं माझ्याकडे शिक्षणाचा परिणाम म्हणून बघायची, हे खरं. आई माक्याचं तेल काढून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवायची. आबांचे, म्हणजे वडिलांचे केस साठीतही दाट होते. ते आयुष्यभर टोपीखाली राहिले. ज्याच्या डोक्याकडे कुणी पाहणार नव्हतं त्याला ते मिळाले होते, आणि ज्याला वर्गापुढं उभं राहायचं होतं त्याचे जात होते. बापाच्या केसांचा हेवा करणारा मुलगा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

सगळं काढून टाक, असं मित्र सांगत. कोल्हापुरात तुळतुळीत डोकं पैलवानाला शोभतं. माझ्या मानेवर ते आजाऱ्याचं वाटलं असतं.

एम.ए. झालो आणि एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो. मग स्थळं बघणं सुरू झालं. आमच्यात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. कळवतो म्हणतात, आणि मग पत्रिका जुळत नाही असा निरोप येतो. एका घरी मात्र आम्ही उंबऱ्याबाहेर चपला घालत होतो, तेवढ्यात आतून एका म्हातारीचा आवाज आला.

"पोरगा बिजवर हाय काय गं?"

बिजवर म्हणजे ज्याचं पहिलं लग्न होऊन गेलं आहे असा. मी तेव्हा पंचविशीच्या आसपास होतो. आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, टोपी घालत जा की. माझ्याबद्दल त्यांनी त्या दिवशी एवढंच म्हटलं.

पुढचं स्थळ मामांनी आणलं, कागलचं. शेती, म्हशी, मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. जायचा दिवस नेमका लग्नसराईतला. सकाळी बिद्रीला नात्यातलं एक लग्न होतं, तिथं सगळ्यांना फेटे बांधले होते. अक्षता पडल्यावर मी फेटा काढायला हात वर नेला, तर मामांनी मनगट धरलं. तसाच चल म्हणाले. लग्नावरनं परस्पर आलो असं सांगू, ते काय खोटं हाय व्हय? खोटं नव्हतंच. म्हणूनच मला तिथं विरोध करता आला नाही.

कागलला पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. त्या घरी पाहुण्यांनी आधी मागच्या न्हाणीत पाय धुवायचे, मग पुढच्या सोप्यात बसायचं. मी एकटाच मागे गेलो. फेट्याखाली डोकं भिजून गेलं होतं. आजूबाजूला कुणी दिसलं नाही. मी फेटा टोपीसारखा अलगद उचलून भिंतीवर ठेवला, डोक्यावर पाणी घेतलं, पंच्यानं पुसलं आणि फेटा परत बसवला. तांब्या विसळून होता तिथं पालथा घातला, कारण आईची तशी शिस्त होती. मग येऊन सोप्यात बसलो.

मुलीनं पोहे आणून दिले. मामा बोलत होते, तिचे वडील बोलत होते. तिच्या वडिलांच्या डोक्यावर टोपी होती. मी तिला काय विचारावं ते आठवत बसलो होतो, तेवढ्यात तीच माझ्याकडे बघून म्हणाली, "उकडत असंल तुम्हाला. काढून बसा की फेटा."

मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "असू दे, असू दे. सुटला तर परत बांधता यायचा न्हाई ह्याला."

ती हसली आणि आत गेली. त्या हसण्याचा मी पुढं कितीतरी अर्थ लावला. खरा अर्थ मला सुचला नाही.

आठवड्यात निरोप आला, मुलगी पसंत आहे का ते कळवा, आमची पसंती आहे. पत्रिकाही जुळली होती. घरात आनंद झाला, मला सोडून. त्यांनी पसंत केलेला मुलगा फेट्यातला होता. दुसऱ्याच दिवशी जाऊन फेटा काढून दाखवावा, एवढं साधं मला करता आलं असतं. पण मी शिकलेला होतो, वर्तमानपत्र वाचत होतो, आणि वर्तमानपत्रात एक जाहिरात येत होती. मी मामांना म्हणालो, मुलगी मला पसंत आहे, पण सुपारी फोडायला थोडे दिवस मागून घ्या. मला वाटत होतं, आधी केस आणावेत, म्हणजे त्यांनी जे पाहिलं असं त्यांना वाटतंय तेच खरं होईल.

डॉक्टर महिन्यातून एकदा बाहेरगावाहून कोल्हापुरात यायचे. स्टेशन रोडवर दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती आणि भिंतीवर हसऱ्या माणसांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. त्यांनी मागच्या बाजूच्या कातडीची एक पट्टी कापून काढली, जागा टाक्यांनी शिवली, आणि त्या पट्टीतले केस सोडवून कपाळावरच्या उजाड जागेत भोकं पाडून बसवले. दिवसभर चाललं. मी पालथा पडून, मग उताणा होऊन, माझ्याच डोक्यावर चाललेली कुजबुज ऐकत होतो. संध्याकाळी डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळून एसटीनं गावी गेलो. वाटेत कुणी विचारलं तर पडलो म्हणून सांगायचं, असं मामांनी बजावलं होतं. ते स्टँडवर मला बसवून द्यायला आले होते.

आईला मी सगळं समजावून सांगितलं. तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. भाताच्या तरव्यातनं रोप उपटायचं आणि चिखलात लावायचं, एवढंच की, ती म्हणाली. काही आठवड्यांनी लावलेले केस गळायला लागले. डॉक्टरांनी तसं होणार हे सांगितलं होतं, तरी मी घाबरलो. आई घाबरली नाही. लागण केल्यावर रोप आधी पिवळंच पडतं, मग धरतं, असं तिचं म्हणणं होतं. तिचा हात इतक्या वर्षांत कधी खोटा पडला नव्हता, म्हणून मीही विश्वास ठेवला. आम्ही दोघांनी माझ्या डोक्याची वाट भातासारखी पाहिली. ती रोज सकाळी मला घरामागच्या परड्यात, उजेडात बसवायची आणि वाकून बघायची.

तिकडे मामा कागलला कारणं देत होते. आधी अधिक महिना होता. मग भावकीत सुतक आलं, ते खरंच आलं. मग लागणीचे दिवस, घरात माणूस नाही. मुलीच्या वडिलांना रिवाजाप्रमाणे आमचं घर बघायला यायचं होतं, त्यांनाही मामांनी दोनदा थोपवलं. मला वाटायचं, अजून थोडे दिवस. रोप धरलं की आपण होऊन जाऊ.

धरलं ते असं. कपाळाच्या कडेला केसांची एक ओळ उगवली, जाड आणि सुटी सुटी, ब्रशच्या तारांसारखी. आणि दरम्यान तिच्या मागचे माझे जुने केस जायचे थांबले नव्हतेच. ते डॉक्टरांच्या हातात नव्हतं. त्यांनी ते आधी सांगितलं होतं की नंतर, ते आता मला आठवत नाही. वर्षभरात पुढं कुंपण आणि मागं माळ, असं डोकं झालं. आईनं एक दिवस वाकून पाहिलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नांग्या लई पडल्यात रं."

भातात रोप मेलेल्या जागांना नांग्या म्हणतात. तिथं दुसरं रोप आणून लावतात. डॉक्टरही तेच म्हणाले, एक बैठक अजून करू. मी त्या जिन्यावरून खाली उतरलो तो परत चढलो नाही. त्यानंतर आईनं मला परड्यात बसवलं नाही.

त्याच सुमाराला कागलहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. एकदा जुळलेली पत्रिका वर्षानं कशी बिघडली, हे विचारायचं नसतं. मी समजलो. कुणीतरी माझं डोकं पाहिलं असणार आणि जाऊन सांगितलं असणार. फसवायला निघालेल्याला हेच मिळायचं, असं मी मनात ठरवून टाकलं. मुलीचं लग्न सांगलीकडे झाल्याचं कळलं. मामा त्यानंतर वर्षभर आमच्याकडे आले नाहीत. आबा एकदा बाजारातून माझ्यासाठी पांढरी टोपी घेऊन आले. ती पेटीत आहे.

पुढची वर्षं त्या ओळीबरोबर काढली. पुढं ओळ आहे म्हणून टक्कल आहे असं धड म्हणता येत नाही, आणि केस आहेत असंही नाही. सगळं उतरवावं तर मागचा व्रण दिसतो, या कानापासून त्या कानापर्यंत. नवा न्हावी भेटला की त्याचा हात तिथं येऊन थांबतो. एकानं विचारलंच, "पावणं, कुणी कोयता मारला व्हय?" मी हो म्हणालो. ते सांगायला सोपं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल थोडा आदरही दिसला. वर्गात मुलं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही. आणखी दोन-तीन स्थळं पाहिली, ती माझ्याच मनातून उतरली. कुणाच्याही सोप्यात बसलं की कुणीतरी म्हणेल, काढून बसा की, असं वाटायचं. डोक्यावर काही नसतानाही वाटायचं.

मग एका वर्षी बोर्डाच्या परीक्षेचं काम कागलला लागलं. तिथल्या कॉलेजात एक तरुण शिक्षक माझ्याबरोबर होता. मधल्या सुट्टीत चहा पिताना तो माझ्याकडे सारखा बघत होता. मला त्या नजरेची सवय होती. पण तो म्हणाला, "तुम्ही आमच्या घरी आलता की. फेटा बांधून. ताईला बघायला." तो तिचा धाकटा भाऊ होता.

मी कपबशी खाली ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की तेव्हा जे झालं त्याबद्दल वाईट वाटतं, फेट्याचं तुम्हाला नंतर कळलं असेल.

"नंतर कुठलं? तवाच कळलं हुतं," तो म्हणाला. "न्हाणीला लागून सैपाकघराची खिडकी हाय. ताईनं बघितलं तुम्हाला डोकं धुताना. म्हणून तर म्हणाली की, काढून बसा. तुम्ही काय काढला न्हाई."

मग तो सगळं सांगत गेला, कागलच्या मोकळ्या आवाजात, आजूबाजूचे ऐकताहेत याची फिकीर न करता. त्यांच्या वडिलांनाही टोपीखाली टक्कलच होतं. केसांचा प्रश्न त्यांच्या घरात निघालाच नव्हता. पण आमच्याकडून तारीख येईना, घर बघायला येऊ देईनात. आणि त्यांच्या भावकीतल्या एकानं मला कोल्हापूरच्या स्टँडवर पाहिलं, डोक्याला पट्टी गुंडाळलेला, शेजारी मामा धरून उभे. पुढं दुसऱ्या कुणी मागचे टाकेही पाहिले. पोराच्या डोक्यात काहीतरी मोठा आजार आहे, म्हणून हे टाळतायत, असं त्यांनी धरलं. विचारायला मामांकडे गेले, तर मामा म्हणाले, पडला होता. मग त्यांचा संशय पक्का झाला.

"आमच्या वडलांनी न्हाई म्हटलं," तो म्हणाला. "ताई दोन दिवस जेवली न्हाई."

घंटा झाली. पेपरांचा गठ्ठा उचलताना मी त्याला विचारलं, मला का पसंत केलं होतं तिनं. विचारायला नको होतं.

तो जरा आठवून म्हणाला, "आई तिला म्हणाली हुती, टक्कल हाय गं पोराला. तर ताई म्हणाली, असू दे की. तांब्या विसळून हुता तिथं पालथा घातला त्यानं. आपल्या घरात एकालाबी येत न्हाई ते."