थांबाजरा आणि पाजून पाजून फुगवलेली व्हॅन

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही पटकन आठवत नाही. गल्लीत सगळे त्याला थांबाजराच म्हणतात. गाडीवाला घायकुतीला येऊन गॅरेजात शिरतो, "अहो, बघा ना काय झालंय हिला!" म्हणून ओरडतो, आणि हा पान्याला हात न लावता म्हणतो, "थांबा जरा." मग गाडीवाल्याच्या शेजारच्या सीटवर मांडी ठोकून बसणार आणि स्थळ बघायला आल्यासारख्या चौकशा करणार. गाडी रुसते केव्हा? निघताना की पोचताना? आधी आवाज येतो की आधी थांबते? लग्नाला होकार देतानासुद्धा हा आधी "थांबा जरा" म्हणाला होता, असं त्याची बायको चारचौघांत सांगते. तो म्हणतो, बुटाची नाडी सुटली होती. आता कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा, मी दोघांच्याही हातचा चहा पिते.

स्वभाव मात्र बर्फ. कुणी तोंडावर शिव्या दिल्या तरी त्या नीट ऐकून घेणार आणि वर म्हणणार, "आवाज पुढच्या बाजूनं येतोय." जगात एकाच माणसापुढे त्याची बोबडी वळायची. सासऱ्यांपुढे.

सासऱ्यांनी जन्मभर पाणीखात्यात मीटर वाचले. घरोघरी जायचं, वाकायचं, आकडा वाचायचा, की पुढचं घर. त्यामुळे बोलणं कमी आणि मोजणं फार. जावयाशी ते "हं" मध्येच बोलायचे. एक हं म्हणजे बसा. दुसरा हं म्हणजे जेवा. तिसरा जरा लांबलचक, त्याचा अर्थ, आमच्या मुलीनं काय पाहिलं तुमच्यात कोण जाणे.

नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी एक जुनी ऑटोमॅटिक व्हॅन घ्यायचं ठरलं, तेव्हा थांबाजरानं आयुष्यात पहिल्यांदा छाती फुगवली. "बाबा, डोळे मिटून घ्या. दारं गळतील, पत्रा गंजेल, पण हा गिअरबॉक्स आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." त्या शब्दावर व्हॅन आली. सासूबाई तिच्यात सहा मैत्रिणी कोंबून दर मंगळवारी पोहायला जाऊ लागल्या, आणि थांबाजराची मान सासरी दोन बोटं वर आली.

ती परवाच्या मंगळवारी खाली आली. तलावावरून परतताना चढावर इंजिन नुसतं गरजायला लागलं, आणि गाडी जागची हलेना. सहाही जणी पोहण्याच्या टोप्या घालून, टॉवेल गुंडाळून गाडी ढकलत होत्या, आणि सासूबाई खिडकीतून "जोर लावा गं, वजन काय उगाच वाढवलंय?" म्हणून ओरडत होत्या. अर्ध्या गावानं पाहिलं. उरलेल्या अर्ध्याला मी सांगितलं.

शनिवारी दुपारी बायकोनं गॅरेजात फोन केला. "अहो, बाबांनी भंगारवाल्याला बोलावलंय. चार वाजता. म्हणतात, गिअरबॉक्स गेला आणि जावयाचा शब्दही गेला."

"थांबा जरा," थांबाजरा म्हणाला.

"मी थांबते हो! भंगारवाला थांबेल का?"

पावणेतीनला तो सासरी पोचला. सासऱ्यांनी कुठलाच हं केला नाही, त्यावरून काय ते त्यानं ओळखलं. तो व्हॅनमध्ये सासूबाईंशेजारच्या सीटवर बसला.

"आई, रुसते केव्हा?"

"निघताना अगदी गुणी बाळ. अर्ध्या तासानं अंगात येतं. रिव्हर्स टाकला तर आधी विचार करते, मग मागे जाते. तुझ्यासारखी."

दोघं चक्कर मारून आली. पंचवीस मिनिटं व्हॅन लोण्यासारखी चालली, मग चढावर तिनं तेच नाटक केलं. इंजिनाचा नुसता आरडाओरडा, चाकांना पत्ताच नाही. रडतखडत घरी आल्यावर इंजिन चालूच ठेवून थांबाजरानं बॉनेट उघडलं आणि गिअरबॉक्सचं तेल मोजायची लांब पट्टी ओढून काढली. आता हे लाल तेल काळं पडलं असतं, जळका वास आला असता, तर त्यानं स्वतःच भंगारवाल्याला हात दिला असता. पण वास ठीक होता. रंग मात्र गुलाबी, आणि वर फेस! पट्टीला जणू कुणी साबण लावून आंघोळ घातली होती. आणि तेल वरच्या खुणेच्या चांगलं चार बोटं वर.

त्यानं मान वळवली. गाडी ठेवायच्या खोलीत भिंतीवर खडूच्या अकरा रेघा, एकीखाली एक, फूटपट्टी लावून मारलेल्या. फळीवर लाल तेलाचे डबे, शेजारी लखलखीत पुसलेलं नरसाळं. जमिनीवर लाल थेंब.

दुखणं सापडलं होतं, आणि ते खुर्चीत बसून त्याच्याकडेच बघत होतं.

"बाबा, हे तेल... कुणी घालतं का?"

"मी. अकरा आठवडे झाले, दर रविवारी पहाटे. इंजिन चालू करून लगेच. मोजमाप थंडपणी करावं. वरच्या खुणेला भरेपर्यंत ओततो, मग एक रेघ मारतो. तरी खाली गळतंच. गळलं की आणखी घालतो. पोरासारखी सांभाळलीय."

आता कसं सांगायचं? पस्तीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाला म्हणायचं, तुम्हाला खूण वाचता आली नाही? थांबाजरानं घाम पुसला. "बाबा, ही पट्टीच जरा खोटारडी आहे. खुणा पुसट झाल्यात."

"मला स्वच्छ दिसतात."

तेवढ्यात भंगारवाला आला. आला तोच व्हॅनला टिचक्या मारत फिरायला लागला.

"न्या," सासरे म्हणाले. "गिअरबॉक्स गेलाय. आमचे जावईबापू म्हणाले होते पुरून उरेल."

"बाबा, थांबा जरा..."

"नऊ वर्षं थांबलो! कबूल करा की, चुकलो म्हणून. माणसाला चूक कबूल करता यावी."

आणि बर्फ फुटला.

"मी चुकलो? गिअरबॉक्स ठणठणीत आहे! तुम्ही त्याला पाजून पाजून मारताय! पोट भरलंय, नाकातोंडातून बाहेर येतंय, आणि तुम्ही आपले घे अजून, घे अजून! थंड असताना तेल खालच्याच खुणेला असतं, गरम झालं की फुगून वर चढतं. तुम्ही थंडपणीच वरपर्यंत भरलंत. मग त्याचा होतो फेस, आणि फेसावर गाडी कशी ओढणार? जास्तीचं बाहेर सांडतं, त्याला तुम्ही गळती म्हणता, आणि परत ओतता! अति तिथं माती, बाबा!"

भंगारवाला हळूच पायरीवर बसला. सासूबाईंनी तोंडाला पदर... छे, टॉवेल लावला. थांबाजराला आपण काय बोललो ते आत्ता ऐकू आलं, आणि बॉनेट बंद करून आपण त्याखालीच राहावं असं त्याला वाटलं.

सासरे उठले. चष्मा नाकावर घेतला, पट्टी उजेडात धरली, आणि मीटर वाचायला वाकायचे तसे वाकून खालची बारीक अक्षरं वाचली. थंड. मग वरची. गरम. दोनदा वाचली.

"काढा जास्तीचं," ते म्हणाले.

थांबाजरानं पट्टीच्याच नळीतून पंपानं तेल खेचून काढलं. सासऱ्यांनी खाली मापी भांडं धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "दोन लिटर. वर फेस." उरलेला फेस बसेपर्यंत सगळे थांबले. मग इंजिन चालू करून, गरम तेल वरच्या खुणेला बरोबर टेकलंय हे सासऱ्यांनी स्वतः तीनदा बघितलं, आणि सासूबाईंनी व्हॅन बाहेर काढली. जावई पुढे, सासरे मागे. भंगारवाल्यालाही घेतलं, साक्षीदार म्हणून. पाऊण तास हिंडून मग त्याच चढावर घातली, आणि व्हॅन बिनबोभाट वर चढली. सासूबाईंना इतका चेव आला की त्या चढ उतरून परत दोनदा चढल्या. भंगारवाला मागून म्हणाला, "मला इथेच सोडा हो."

घरी आल्यावर सासऱ्यांनी ओल्या फडक्यानं अकराही रेघा पुसल्या.

"जावईबापू, तेल बघायचं केव्हा?"

"गाडी गरम झाल्यावर, बाबा. इंजिन चालू ठेवून."

"हं." हा हं नवा होता, घरात कुणीच कधी ऐकला नव्हता. "पट्टी तुमच्यासारखीच आहे म्हणा की. थंड असताना खोटं सांगते."

भंगारवाल्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी त्याला नरसाळं देऊन टाकलं.