शालूबाईंचा पहिला कप

कंग्राळीच्या आण्णाप्पांनी एकतीस वर्षं सरकारी बस चालवली. त्यातली एकोणीस बेळगाव ते चिकमगळूर या एकाच मार्गावर गेली. एक मुक्काम तिकडं, एक इकडं, असा संसार. दोन पोरांची शाळा आणि आजारपणं, शेतातलं भात, म्हशीची धार, सगळं शालूबाईंनी एकटीनं ओढलं. आण्णाप्पा परतताना एक वस्तू न चुकता आणायचे, कॉफीच्या पावडरीचा पुडा. सीटमागं ठेवलेल्या त्या पुड्याचा वास हुबळीपर्यंत अख्ख्या गाडीत दरवळायचा, आणि मधे चढलेले प्रवासी विचारायचे, गाडीत हॉटेल काढलंय काय म्हणून.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या सवयीनं ते पहाटे उठले. शालूबाई झोपल्या होत्या. आण्णाप्पांनी पितळी फिल्टर लावला, कॉफी केली आणि कप त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. एवढ्या वर्षांत नवऱ्यानं केलेलं काही पहिल्यांदाच हातात आलं होतं. शालूबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर जास्त पडली."

दुसऱ्या दिवसापासून साखर कमी झाली. त्यानंतर अकरा वर्षं पहाटेचा पहिला कप आण्णाप्पांनी कधी चुकवला नाही.

मग गेल्या दिवाळीपासून त्यांचे हात थरथरायला लागले. बसल्या जागी काही नाही, पण वस्तू उचलायला गेलं की सुरू. डॉक्टरांनी गोळी दिली आणि घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं. घाबरलं कुणी नव्हतंच. पण एका पहाटे फिल्टरचं वरचं भांडं काढताना खाली गाळलेलं कढत डिकॉक्शन, कॉफीचा अर्क, मनगटावर सांडलं, आणि तेव्हापासून शालूबाई आधी उठायला लागल्या. त्या कॉफी करायच्या आणि कप आण्णाप्पांच्या पुढ्यात ठेवायच्या. कॉफी चांगली असायची. तेच आण्णाप्पांना सलायचं. पण बोलायचं काय? बायको कॉफी करून देते, ही काय तक्रार झाली?

धाकटी लेक नीलम खासबागेत राहते. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करते, म्हणजे केसाएवढा फरक शोधून काढायचा पगार घेते. मनगटावरचा डाग बघितल्यावर तिनं आईला विचारलं, वडलांना विचारलं नाही. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आली. घरात वापरायची आपोआप चालणारी कॉफी मशीन घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. वरून बिया टाकायच्या, खाली कप ठेवायचा, दळण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं ती करते. नीलमनं नऊ मशीन निवडून त्यांचा तक्ता केला होता. चौदा रकाने. आतली चक्की पोलादी की सिरॅमिकची, पाण्याची टाकी केवढी, कॉफी गाळणारा भाग काढून नळाखाली धुता येतो की नाही, इथल्या बोअरच्या पाण्यानं क्षार किती धरेल, दुरुस्तीवाला बेळगावात आहे की हुबळीहून येणार. आण्णाप्पा मान हलवत राहिले. इंजिनाची चौकशी त्यांना नेहमीच आवडायची. पावडरीत मिसळलेली असते त्या चिकोरीचं काय, एवढंच त्यांनी विचारलं. चिकोरी चालणार नाही, नुसत्या बिया, असं नीलमनं सांगितलं. ती सवय सुटंल, ते म्हणाले.

टिळकवाडीतल्या दुकानात तिघं मिळून गेले. तिथल्या सौम्याबाई मशीन लावून दाखवायच्या. आण्णाप्पांनी त्यांच्याशी कन्नडमधून गाव, माहेर विचारून घेतलं. त्या निघाल्या चिकमगळूरजवळच्या मुडिगेरीच्या, मग रस्त्याच्या वळणांवर बरंच बोलणं झालं. तक्त्यात पहिली आलेली मशीन मधोमध मांडली होती, काळी, गुळगुळीत, पुढं काचेचा पडदा. पडद्यावर कपांची चित्रं. बोट टेकवलं की झालं. नीलमनं एक कप काढून दाखवला आणि म्हणाली, "आप्पा, आता तुमी."

आण्णाप्पांचा हात खिशातच राहिला. तूच कर, मला दिसतंय की, असं ते म्हणाले. स्टुलावर बसलेल्या शालूबाईंनी तिथूनच विचारलं, "रोज तीच येणार हाय व्हय कंग्राळीला बटन दाबाय?"

मग त्यांनी हात काढला. बोट कपाच्या चित्राकडं गेलं, पण एकदा टेकायचं ते तीनदा टेकलं. मशीननं नुसतं गरम पाणी सोडलं. पुन्हा दाबलं तर पडद्यावरची भाषाच बदलली, सौम्याबाईंनाही वाचता येईना अशी कुठली तरी आली. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. होतं असं कधीकधी, म्हणून पडदा पूर्ववत करायला लागल्या.

"चांगली हाय," आण्णाप्पा म्हणाले. "हीच घे."

शालूबाईंनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. अशा आवाजात ते पूर्वी एकदाच बोलले होते, चिकमगळूरच्या मार्गावर नेमणूक झाली तेव्हा.

आण्णाप्पा बाजूला सरकले. खालच्या फळीवर एक जाडजूड, जुन्या घडणीची मशीन होती. तिच्या तोंडावर पडदा नव्हता, पेरूएवढं गोल बटन होतं. त्यांनी सहज हात ठेवला. बोटं नाही, तळवा. जुन्या गाड्यांच्या गियरच्या दांड्याला अशीच गोल मूठ असायची, तो गाडीच्या तळातून वर यायचा आणि इंजिनाबरोबर थडथडायचा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नागोजी ड्रायव्हरनं शिकवलं होतं, बोटांनी धरशील तर गियर तुला हलवील, तळव्यात घे, मग गप बसतो. आण्णाप्पांनी बटन तळव्यात घेतलं. हात टेकलेला होता, थरथर जवळजवळ थांबली. फिरवलं. टक. आणखी एक टक. तिसऱ्या खुणेवर त्यांनी अख्ख्या हातानं बटन आत दाबलं. आत चक्की फिरली आणि नळीखालच्या कपात कॉफीची धार लागली.

"नीलम," ते म्हणाले, "ही बघ गं."

नीलमनं तक्त्यात बघितलं. ही आठव्या नंबरावर होती. दूध आपोआप येत नाही, फेस काढायची नुसती दांडी आहे, असं तिनं सांगितलं.

"फेस कशाला?" शालूबाई म्हणाल्या. "मी काय दाढी करणार हाय?"

दूध आधी कपात पळीनं घालीन, कॉफी वरनं पडू दे, आण्णाप्पांनी सांगितलं. त्यांच्या मनात सगळं जुळवून झालं होतं. नीलम उकिडवी बसली, टाकी पुढून निघते का ते बघितलं, गाळणारा भाग काढून परत बसवला, मग वडलांना तेच करायला लावलं. त्यांना जमलं, जरा वेळ लागला. तिनं लॅपटॉप उघडून पंधरावा रकाना घातला. त्याला नाव काय द्यावं ते सुचेना, म्हणून तो तसाच मोकळा ठेवला आणि खालच्या फळीवरच्या मशीनकडं बोट दाखवून सौम्याबाईंना म्हणाली, ही बांधून द्या.

मशीन घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे आण्णाप्पा उठले. शालूबाईंना आदल्या रात्रीच बजावलं होतं, उठायचं न्हाय. कपात दोन पळ्या गरम दूध घातलं, थोडं ओट्यावर गेलं. कप नळीखाली सरकवला. तळवा बटनावर. टक, टक, टक, आणि दाबलं.

चक्की थंडीत सुरू केलेल्या डिझेल इंजिनासारखी ओरडली. फिल्टरला आवाज नव्हता, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मग कप भरला आणि घर पुन्हा शांत झालं.

आता तो न्यायचा होता. आण्णाप्पांनी दोन्ही हातांनी कप उचलला. कॉफी काठाशी आली, एक थेंब अंगठ्यावर पडला. त्यांनी कप खाली ठेवला. ओट्यापासून उशापर्यंत अकरा-बारा पावलं असतील. मशीनच्या तक्त्यात तीही नव्हती.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," दारातून आवाज आला. शालूबाई केसांचा बुचडा बांधत उभ्या होत्या. "मीच आलेय."

त्यांनी स्टूल ओढलं, ओट्याला टेकून बसल्या आणि कप तोंडाला लावला. आण्णाप्पा बघत राहिले.

"साखर?" त्यांनी विचारलं.

"घालायचीच राह्यली तुमची."

ते साखरेच्या डब्याकडं वळले. शालूबाईंनी दुसरा घोट घेतला आणि म्हणाल्या, "उद्या घाला."