आणखी कोणी?

आदिलाबादच्या कॉलेजात मी प्रोलॉग शिकवायचे. तर्कशास्त्राच्या पोटी जन्मलेली ही संगणकाची भाषा. तिला आधी माहिती द्यायची, हा त्याचा बाप, ही तिची आई, आणि मग प्रश्न विचारायचे. दिलेल्या माहितीतून जे सिद्ध होत नाही, ते तिच्या लेखी नाहीच. माझे वडील तहसीलमध्ये कारकून, पहाणी म्हणजे जमीन-पिकांची नोंदवही सांभाळायचे. 'पहाणीत नाही ते शिवारात नाही,' असं ते उठताबसता म्हणत. त्यामुळे मला हा नियम कधी खटकला नाही.

एकदा आई भैंशाहून डबा घेऊन आली. मिरवायची हौस, म्हणून मी तिला लॅबमध्ये नेलं. उदाहरणादाखल आमचंच घर मशीनमध्ये भरलं होतं.

"मले पोरी किती, इचार त्याले," आई हसत म्हणाली.

मी विचारलं. पडद्यावर माझं नाव आलं.

"आजून?"

अर्धविरामाची कळ दाबली की मशीन पुढचं उत्तर शोधतं. मी दाबली. 'नो' उमटलं.

"नाही म्हणतंय."

"लबाड हाये ते." आईचं हसू गेलं होतं. "दोन हायेत."

माझ्याआधीची मुलगी आठव्या दिवशी गेली, एवढंच मला माहीत होतं. बारसं व्हायचंच होतं. घरात तो विषय कोणी काढत नसे.

"पण नावाशिवाय हे घेत नाही, आई." बोलले आणि जीभ चावली.

आई जवळ सरकली. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते, तसं तिने माझ्या कानात नाव सांगितलं. "म्या मनात ठेवलं होतं. तुह्या बापालेबी सांगतलं नाई."

मी ते टाइप केलं, पुन्हा विचारलं. माझं नाव आलं. कळ दाबली, तिचं आलं. आईने काचेवर त्या अक्षरांवर बोट ठेवलं. तेवढ्यात वीज गेली.

"राहीन ना ते त्याच्यात?"

"राहील," मी म्हणाले. फ्लॉपीवर उतरवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर माझं नाव, मग 'नो'. मला भीती वाटली. घाईघाईने पुन्हा भरलं, फ्लॉपीवर ठेवलं. पुढे ती फ्लॉपी बुरशीने गेली. आई प्रत्येक भेटीत विचारायची, "हाये ना?" मी हो म्हणायचे.

आता आई नाही. ते नाव फक्त मला ठाऊक आहे.

मध्यंतरी शिरगणतीची बाई आली. मी एकटीच राहते. माझं नाव लिहून तिने विचारलं, "आणखी कोणी?"

मी नाही म्हणाले, आणि दार लावून तिथेच खाली बसले.