रशीदचाचांचा अर्धा ठिपका

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. बोर्ड लावून शिडीवरून उतरावं, तर खाली एक उभाच असतो! पेणमध्ये आमचं एलईडी बोर्डांचं दुकान आहे. म्हणजे दुकान भास्करशेठचं, कॉम्प्युटर माझ्याकडे आणि अक्षरं रोह्याच्या रशीदचाचांची.

चाचा चाळीस वर्षं ब्रशने पाट्या रंगवायचे. आमचे बोर्ड आले आणि त्यांचं काम गेलं. मग शेठनीच त्यांना चौकटीच्या वह्या दिल्या. चाचा एकेका चौकटीत ठिपका भरून अक्षर काढणार, मी ते कॉम्प्युटरवर उतरवणार आणि एक कमांड देऊन त्याची बोर्डामागच्या, दिवे पेटवणाऱ्या कार्डाला चालेल अशी फाइल करणार.

* * *

ही कमांड म्हणजे काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची आणि एंटर मारायचं. काम बरोबर झालं तर ती अवाक्षर काढत नाही. शेठना हेच पटेना.

"काय झालं?"

"झालं, शेठ."

"कुठे झालं? तो तर गप्प बसलाय! गिऱ्हाइकाला वाटेल, आपण काही केलंच नाही."

रोजची कटकट नको म्हणून मी कमांडला मध्ये अर्धं मिनिट उगाच थांबायला लावलं आणि खिडकीत ओळ टाकली, 'अक्षरे तयार होत आहेत, कृपया थांबा.' शेठ खूश! गिऱ्हाइकाला खुर्ची पुढे ओढून दाखवायला लागले, "बघा, कसं राबतंय बिचारं!"

* * *

गडब गावचा हॉटेलवाला. काही कार्डं अक्षराच्या ओळी वरून मोजतात, काही खालून. कमांडला ते सांगावं लागतं आणि मी विसरले. बोर्डावर प्रत्येक अक्षर शीर्षासनात! फोन आला तशी भर पावसात स्कूटर काढली. आता शिव्या खाणार, या तयारीने गेले, तर मालक हॉटेलाच्या दारात चहा पीत उभे.

"मॅडम, घाबरू नका. हितं या."

मला हायवेच्या कडेच्या खड्ड्यापाशी नेलं. खड्ड्यात पाणी आणि पाण्यात लख्ख सुलट 'गरम वडापाव'!

"आत्ता नीट करून देते," मी म्हटलं.

"करा की, पण घाई नाय. खड्डे काय एवढ्यात बुजत नाय!"

* * *

वरसे गावातल्या एका दवाखान्याला 'वेळ' लिहून हवी होती. चाचांनी ळ काढला आणि त्यात एका चौकटीत अर्धाच ठिपका भरला.

"चाचा, दिवा पेटतो नाहीतर विझतो. अर्धा पेटत नाही."

"मग त्याचं पोट टोकदार दिसणार गो. माझा ळ असा नसतो."

तासभर वाद झाला. मी पूर्ण ठिपका ठेवून बोर्ड लावला. चाचा शिडीवर चढले, खिशातून काळी चिकटपट्टी काढली आणि त्या एका दिव्यावर अर्धी डकवली. खाली उतरून बघितलं. खरं सांगते, पोट गोल दिसत होतं!

* * *

यंदा जुनी कार्डं मिळेनाशी झाली. नवीन कार्डाला वेगळी फाइल लागते. माझ्या लॅपटॉपवरची कमांड ती करते, पण मूळ फाइलवरून. आणि मूळ फाइली होत्या ज्या कॉम्प्युटरवर, तो शेठनी 'स्लो झाला' म्हणून पुसून साफ करून घेतला होता! चाचांच्या वह्या तर रोह्याच्या पुरात केव्हाच लगदा झालेल्या. चाचांचे हात आता थरथरतात, ठिपका चौकटीत बसत नाही. त्यात त्यांचा मुलगा त्यांना कायमचं मस्कतला न्यायला आलेला.

"रेडिमेड फॉन्ट टाकून दे," शेठ म्हणाले. मला रडूच आलं. एका माणसाचं हस्ताक्षर आपण पुसायचं?

जुन्या कार्डात जागा कमी, त्यामुळे प्रत्येक बोर्डात त्याला लागतील तेवढीच अक्षरं. ती कार्डातून परत काढता येत नाहीत. मग मी पेणपासून रोह्यापर्यंत चालू असलेल्या एकेका बोर्डाखाली उभी राहून दिवे मोजले. नागोठण्याला एकाने विचारलंसुद्धा, "ताई, पंचायतीकडून आलाव काय?" सगळी अक्षरं मिळाली. नाही मिळाला तो फक्त ढ.

चाचांच्या निघण्याच्या दिवशी सकाळी लॅपटॉप आणि एक छोटा बोर्ड घेऊन त्यांच्या घरी गेले. बाहेर गाडीत बॅगा चढत होत्या. चाचांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले, "पयली ओळ, सगळे पेटव. दुसरी, पाच सोड, दोन पेटव..." सोळाच्या सोळा ओळी, न अडखळता! मी टाइप करत गेले. मग कमांड दिली.

'अक्षरे तयार होत आहेत, कृपया थांबा.'

"थांबतो गो," चाचा म्हणाले.

मुलगा दारातून हाका मारत होता. अर्धं मिनिट कुणीच हललं नाही. मग बोर्डावर ढ लागला. चाचांनी चष्मा वर करून तो जवळून बघितला, लांबून बघितला, मान तिरकी करून बघितला. मला वाटलं, आता डोळे पुसतील.

त्यांनी खिशात हात घातला, काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"नववी ओळ, शेवटचा. माझा हात हलतो. तू लाव."