न मोजलेले वीस

माणूस मिनिटाला किती वेळा श्वास घेतो, असं पहिल्या वर्षाच्या मुलींना विचारलं की पुस्तकातलं उत्तर येतं, बारा ते वीस. वॉर्डात पाठवल्या की महिन्याभरात त्याच मुली प्रत्येक पेशंटच्या तक्त्यावर वीस लिहायला लागतात. म्हातारा असो, बाळंतीण असो, अंगात ताप असो नसो, वीस. हे त्यांना कोणी शिकवत नाही. मोजायचं तर पूर्ण एक मिनिट पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि तेही त्याला कळू न देता, कारण कळलं की माणूस श्वास वेगळाच घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट धरून ठेवायचं आणि गुपचूप श्वास मोजायचा. एवढा वेळ कोणाला आहे? वीस लिहिलं की कोणी विचारत नाही.

मी अकोल्याच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. मुली मला घाबरतात. मॅडम वह्या फेकतात, असा माझा लौकिक आहे. वही मी एकदाच फेकली होती, पण ती खिडकीतून बाहेर गेली, त्यामुळे लक्षात राहिली. मोजल्याशिवाय लिहिलेलं मला चालत नाही. मुलींना वाटतं, मॅडम फार तत्त्वाच्या. तत्त्वाची बाई वेगळी असते. माझं कारण वेगळं आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी अमरावतीत एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. हाडांचा बायकांचा वॉर्ड. माझं त्या वेळी नाव होतं ते रक्त काढण्यासाठी. कितीही बारीक शीर असू द्या, माझ्या बोटाला ती लागायची. पट्टा बांधला, दोन बोटं फिरवली, डोळे मिटून सांगायचे, इथं आहे. एका टोचीत नळी भरायची. इतर वॉर्डांतून बोलावणं यायचं, 'जरा तिला पाठवा'. ते ऐकलं की मी आरशात न बघताच केस सारखे करून निघायचे. एवढा ताठा होता. जीभही तशीच होती. पेशंटला टोमणा मारावा आणि अख्ख्या वॉर्डानं हसावं, यात मला मोठी मजा वाटायची.

एका सकाळी शेंदूरजनाघाटची एक बाई भरती झाली. चाळिशीची असेल. संत्र्याच्या मालात छाटणीचं काम करायची. फळ हातात घ्यायचं, बोटांनी हलकं दाबून बघायचं, लहान-मोठं, कडक-नरम वेगळं करायचं. आदल्या दिवशी टेम्पोत कॅरेट चढवताना पाय घसरला आणि उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. आमच्याकडे सकाळी आठला हाडं बसवून प्लास्टर घातलं. रक्त मीच काढलं, डाव्या हाताचं. ती म्हणाली, "टोचलं का बाई? मले त समजलंच नाई." मी फुशारले.

दोन्ही हातांवर भाचीच्या लग्नातली मेंदी होती. चांगली रंगली होती. तळवे लाल, नखंही लाल.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर तासाला बोटं बघा. ताजं प्लास्टर घातलेला हात आत सुजला तर सुजेला जागा मिळत नाही. आतल्या आत स्नायूंचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि काही तासांत ते मरतात. म्हणून नख दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरं पडतं, सोडल्यावर लगेच गुलाबी झालं पाहिजे. बोटं हलवून बघायची, मुंग्या येतात का विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुखणं विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती. दुखण्याचं इंजेक्शन दिल्यावरही दुखणं वाढतच असेल तर धावत जाऊन डॉक्टरांना बोलवायचं. हे मला त्या दिवशी पाठ होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

नऊला मी बघितलं आणि इंजेक्शन दिलं. दहाला बघितलं. नख दाबलं, पण मेंदीमुळे रंग गेला की आला काही कळेना. अशा वेळी मेंदी नसलेली बोटाची बाजू दाबून बघायची, नाही तर दुसऱ्या हाताशी ताडून बघायचं. मी तक्त्यावर लिहिलं, बोटं गुलाबी. मेंदीला गुलाबी लिहिलं. दुखणं किती, हे विचारलं नाही. ती शांत पडली होती, म्हणून दोन लिहिलं.

अकराच्या सुमाराला मी शेजारच्या खाटेचं सलाईन बदलत होते. तिनं हाक मारली.

"बाई, हे थोडं सैल करून देता का? लय काचून राह्यलं."

मी वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "मावशी, पिलॅस्टर हाय ते. परकराचा नाडा नाई, काचला का सैल केला."

वॉर्ड हसला. समोरची कंबर मोडलेली आजी तर डोळे पुसत हसली. तीही हसली, डाव्या हातानं तोंडावर पदर धरून. मला बरं वाटलं, पेशंट खुशीत आहे असं वाटलं. इंजेक्शन देऊन दोन तास झाले होते आणि बाई दुखतंय म्हणत होती. याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. एका डॉक्टरांच्या सासूबाई आल्या होत्या, तिघींनी टोचून पाहिलं, शीर सापडत नव्हती. मी गेले. एका टोचीत काढलं. सासूबाई म्हणाल्या, काय हात आहे हो हिचा. मग चहा झाला, कोणी तरी चिवडा पुढे केला, मी कुठल्या गावची, माहेर कुठलं, सगळं विचारून झालं. खाली आले तेव्हा दीड वाजला होता. दोनला ड्युटी संपायची. मी टेबलाशी बसले आणि एकदम सहा पेशंटांचे तक्ते भरले. त्या प्लास्टरवाल्या बाईचे अकरा, बारा, एक असे तीन रकाने रिकामे होते. नाडी ऐंशी, श्वास वीस, बोटं गुलाबी, हालचाल आहे, दुखणं दोन. खाली ओळीनं तेच ते. तिची खाट टेबलापासून दहा पावलांवर होती.

दुपारच्या पाळीला माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी एक सिस्टर आली. मी तिला ताई म्हणायचे. पाळी देताना एकेका खाटेशी जाऊन पेशंट दाखवायचा, असा नियम आहे. आमच्याकडे ते टेबलावरच व्हायचं, तक्ते पुढे सरकवून. मी म्हटलं, सगळं ठीक, आणि वलगावची बस धरायला पळाले. तिथं माझी मावशी राहायची, तिच्याकडे हुरडा होता.

ताईला दोन नवे पेशंट आले, त्यात तिचा वेळ गेला. साडेतीनला ती त्या खाटेशी पोचली. बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती, पदराचा बोळा दातांत धरून. ताईनं तिची बोटं सरळ करून बघितली तशी ती किंचाळली. डॉक्टर आले, प्लास्टर कापलं, लगेच ऑपरेशनला आत घेतलं, हात उभा चिरून मोकळा केला. हात वाचला. पण बरेचसे स्नायू तोवर गेले होते.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. मी ताईच्या शेजारी उभी होते. डॉक्टरांनी तक्ता वाचला. एक वाजेपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, सकाळच्या सिस्टरनं दर तासाला बघितलंय, म्हणजे जे झालं ते दोननंतर झालं. ताईला लेखी खुलासा मागितला. दोन ते साडेतीन काय करत होता?

बाहेर व्हरांड्यात ताईनं मला विचारलं. रागानं नाही, आपलं मन साफ करावं तसं विचारलं, "मले एकच सांग. एक वाजता तू पाह्यलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो ताई, पाह्यलं होतं."

आवाज जराही हलला नाही. याचं मला अजून नवल वाटतं आणि किळसही येते.

ताईनं खुलासा लिहिला, त्यात सगळा दोष आपल्यावर घेतला. पुढे वर्षभरात तिनं ती नोकरी सोडली. तेच कारण होतं की दुसरं काही, मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

तीन महिन्यांनी ती बाई तपासणीला आली आणि मला भेटायला वॉर्डात आली. पाच बोटं आत वळलेली, अर्धवट मिटलेली, उघडता येत नव्हती. त्या वाकड्या हातावर कापडी पिशवी अडकवली होती आणि पिशवीत संत्री होती. आता छाटणी जमत नाही म्हणाली. फळ धरता येतं, पण नरम का कडक ते बोटाले समजत नाई. मी संत्री नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "घ्या न बाई. तुमी त्या दिवशी हासवलं होतं मले."

मग थोडं थांबून, तक्रारीचा सूर अजिबात नसलेल्या आवाजात म्हणाली, "मी तुमाले अजून एक डाव सांगणार होती. पण म्हटलं, काहून सांगाव? सारा वार्ड हासन."

संत्री मी घरी नेली. खाल्ली नाहीत, टाकलीही नाहीत. टोपलीत सुकून गेली.

त्यानंतर एकदा, ठरवून, सुट्टी काढून, तिच्या गावाला निघाले. पत्ता तक्त्यावरून उतरवून घेतला होता. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. मोर्शीला बस थांबली तेव्हा चहाला म्हणून उतरले आणि समोर अमरावतीची बस उभी होती, तिच्यात चढले. कंडक्टरला म्हटलं, घरून फोन आला. कंडक्टरनं काही विचारलंच नव्हतं.

पुढे मी अकोल्याला आले आणि शिकवायला लागले. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. मेंदीची नखं, प्लास्टर, वाकलेली बोटं, सगळं सांगते. फक्त सुरुवात 'एक सिस्टर होती' अशी करते. मुली त्या सिस्टरला मनापासून शिव्या देतात. मीही देते. त्यांना वाटतं, शिकवण्याच्या भरात मॅडमचा आवाज चढतो.

गेल्या महिन्यात मुलींना घेऊन वॉर्डात होते. एक मुलगी, दुसऱ्या वर्षाची, वर्गात मागे बसणारी, तिनं एका म्हाताऱ्या बाईचा तक्ता भरून आणला. श्वास, वीस. मी वर बघितलं. समोर खाटेवर म्हातारीच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता, धाप लागल्यावर जातो तसा.

"मोजलं?"

"हो मॅडम, मोजलं."

आवाज जराही हलला नाही. तो आवाज मी ओळखला. माझा हात तक्ता फेकायला उठला होता. पण फेकला नाही. म्हटलं, चल, दोघी मिळून मोजू. म्हातारीचं मनगट तिच्या हातात दिलं, घड्याळ माझ्या हातात धरलं. मिनिट संपलं तेव्हा तिचे ओठ चौतीसवर थांबले होते. मी डॉक्टरांना निरोप पाठवला.

मुलीनं मान खाली घातली. इतर पोरी ऐकत होत्या, म्हातारीची सून ऐकत होती. मला वाटलं, आता म्हणेल, मघाशी वीसच होते. मी असते तर हेच म्हटलं असतं.

ती म्हणाली, "चुकलं मॅडम. मी मोजलंच नव्हतं. तसंच लिहून देल्लं." आणि म्हातारीकडे वळून म्हणाली, "आजी, माफ करजा."

एवढंच. तीन-चार वाक्यं, सगळ्यांसमोर, एका श्वासात. ती एकोणीस वर्षांची आहे. मला अकरा वर्षांत ती म्हणता आली नाहीत, ना ताईसमोर, ना त्या बाईसमोर.

तिनं वीसवर काट मारली, शेजारी चौतीस लिहिलं, खाली आपली सही केली आणि तक्ता माझ्यापुढे धरला. शिक्षिकेची सही लागते. माझ्या हातात पेन होतं, आणि बराच वेळ मला सही करता येईना.